दसऱ्याचा रंग आणि डाव्या चाकाचे नट

रात्रीचे पावणेतीन. फोनवर आमचे ड्रायव्हर काका, खेड शिवापूरच्या अलीकडच्या एका ढाब्यावरून. "ताई, मागच्या डाव्या जोडाचे तीन नट जागेवर नाहीत. उरलेल्यातले चार हाताने फिरतायत."

गाडी दहाचाकी, कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत कास्टिंग भरून चाकणला निघालेली. माल सकाळी सातला गेटवर लागायचा होता. काकांचं म्हणणं एवढंच की उरलेले नट पाइप घालून आवळतो, काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाही आणि चाकण गाठतो. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेले माझे वडील, अण्णा, तोवर उठून बसले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "गाडी जागची हलवू नको. आम्ही निघालोच."

खेड शिवापूरहून पुण्याकडे यायचं म्हणजे पुढे कात्रजचा नवा बोगदा, दरी पूल आणि मग नवले पुलापर्यंतचा उतार. अपघातांच्या त्या उताराबद्दल पुणेकराला वेगळं सांगायला नको. टायर आणि डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक, मिळून शंभर किलोच्या आसपास भरतं, आणि मागे ती जोडीने असतात. गाडीला ब्रेक आहेत, सुटलेल्या चाकाला नाहीत. पहाटे त्या रस्त्यावर दूधवाले असतात, पहिल्या शिफ्टला निघालेली पोरं दुचाकीवर असतात. पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या आमच्या घरून निघून ढाब्यावर पोचेपर्यंत मी आणि अण्णा एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. दोघांच्या डोळ्यांसमोर तोच उतार होता.

काका शिरवळच्या पुढे खिडकी खाली करून गार वारा घेत होते, तेव्हा त्यांना चाकाच्या फेऱ्यागणिक एक 'टक्' ऐकू आलं. दगड अडकला असेल म्हणून ते उतरले नसते, तर आज मी काय लिहीत असते कोण जाणे. त्या रात्री त्या माणसाच्या कानाने आमचं घर वाचवलं, आणि रस्त्यावरच्या कुणाचंही.

टॉर्चच्या उजेडात जे पाहिलं ते अजून तसंच्या तसं आठवतं. डिस्क चकचकीत लाल, चार दिवसांपूर्वीच रंगवलेली. पण नटांच्या भोवती त्या लाल रंगाचं नाव नव्हतं, तिथे घासून पांढरं लोखंड उघडं पडलेलं. सुटलेल्या नटांच्या भोकांपासून बाहेरच्या दिशेला काळपट-तांबूस भुकटीचे शेपटासारखे पट्टे गेलेले. अण्णांनी माझा अंगठा धरून एका भोकात घातला. भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं, आणि आतल्या कडेवर बोल्टच्या आट्यांचे ठसे नखाला खरखरत लागत होते. म्हणजे डिस्क बोल्टवर कितीतरी वेळ आपटत, सरकत आली होती.

त्या दिवशी दुपारी एकपर्यंत आम्ही तिथेच. शिरवळहून मेकॅनिक आणला, दोन्ही डिस्क बदलल्या, दहाच्या दहा बोल्ट नवे घातले. वरून धड दिसणारे बोल्टही काढायला लावले, कारण ढिल्या चाकाखाली वाकत-सरळ होत राहिलेला बोल्ट आतून थकलेला असतो आणि तो पुढच्या फेरीला तुटतो. माल चार वाजता पोचला. कंपनीने भाड्यातून उशिराचे पैसे कापले. ते कापू देत.

पण नट ढिले झालेच कसे? प्रत्येक नट काकांनी स्वतः आवळला होता, आणि त्यांच्या हाताला जोर कमी नाही. उत्तर त्या लाल रंगातच होतं.

दसऱ्याला आमच्याकडे तिन्ही गाड्या धुऊन, रंगवून, झेंडूचे हार घालून उभ्या असतात. त्या वर्षी मी हौसेने सांगितलं की नुसती वरून रंगवू नका, चाकं काढून डिस्क आतून-बाहेरून नीट रंगवा. पोरांनी मन लावून काम केलं. ऑइलपेंटचे दोन-दोन हात मारले. चाक ज्यावर टेकतं त्या ब्रेक ड्रमच्या तोंडावर रंग, आतल्या डिस्कच्या दोन्ही अंगांना रंग, बाहेरच्या डिस्कच्या दोन्ही अंगांना रंग. एका जोडात रंगवलेली पाच तोंडं एकावर एक बसली आणि त्यावर नट आवळले गेले.

चाक बोल्टवर नुसतं टांगलेलं असतं असं मलाही वाटायचं. तसं नाही. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि आपल्या मूळ लांबीवर परत यायला बघतो. त्या ओढीने डिस्क ड्रमवर घट्ट दाबली जाते, आणि त्या दाबातल्या घर्षणाने चाक धरलं जातं. हे ताणणं किती? कागदाच्या एक-दोन जाडीइतकं. एवढ्याशा ताणावर सगळा कारभार. आता मध्ये रंगाचे पाच थर घातले, की आवळताना सगळं घट्टच लागतं. मग गाडी लोडने चालते, खंबाटकी घाटात ब्रेक लागतात, ड्रम तापतो, रंग मऊ पडून दबतो, घासून निघून जातो. कागदाच्या जाडीइतकी जागा मोकळी झाली की बोल्टचा ताण संपला. नट आहे तिथेच दिसतो, पण धरून काहीच ठेवत नाही. पुढे डिस्क सरकू लागते आणि नट आपोआप फिरत सुटतात. आमचे तीन नट सव्वाचारशे किलोमीटरमध्ये गेले. माझ्या हौसेने गेले, आणि हे मी प्रत्येक ट्रकवाल्याला सांगते, कारण दसऱ्याला चाकं रंगवणारी मी एकटी नाही.

आता आम्ही डिस्क बाहेरून दिसते तेवढीच रंगवतो. जिथे ड्रम टेकतो, डिस्कला डिस्क टेकते, जिथे नट बसतो, तिथे तारेच्या ब्रशने घासून उघडं लोखंड ठेवायचं. गंजाची पापडी, वाळलेला चिखल, जुनं ग्रीस, हे सगळं त्या रंगाचंच भावंड आहे. मध्ये काहीही राहिलं तर ते दबणार आणि ताण जाणार.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. सगळ्यात संशयाचं चाक जुनं, मळकं नसतं, नुकतंच काम झालेलं असतं. पंक्चर काढलं, टायर फिरवले, ब्रेक लायनर बदलले, कशासाठीही चाक उतरलं असेल, तर पन्नास ते शंभर किलोमीटरमध्ये थांबून ते पुन्हा आवळायचंच. सगळं चकचकीत साफ असलं तरी नवी जोडणी थोडी बसते, म्हणून. आम्ही जागा ठरवून टाकल्या आहेत म्हणजे ड्रायव्हरला डोकं चालवावं लागत नाही. सातारा-कोल्हापूरची गाडी असेल तर शिरवळ. नगर रस्त्याला रांजणगाव. सोलापूरकडे कुरकुंभ. मुंबईकडे लोणावळा. गाडी थांबवायची, चहा घ्यायचा, चाक जरा निवू द्यायचं आणि मग पाना लावायचा.

पान्याचं एक बोलते. आमच्या दहाचाकीच्या पुस्तकात नट किती जोराने आवळायचा त्याचा आकडा ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तोच आपला खरा. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून मी पोरांना सांगते, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साठ किलोचा माणूस लटकला तर साधारण तेवढं होतं. मग दीड मीटरच्या पाइपवर ऐंशी किलोचा माणूस उभा राहून उड्या मारतो तेव्हा काय होत असेल? बोल्ट ताणून परत येण्याच्या पलीकडे जातो, लांबतो, आटे ओढले जातात. जास्त आवळलेला नट हा सुटण्याच्या वाटेवरचाच नट असतो. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या गनचंही तेच, ती किती आवळते ते गन धरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गनने नट टेकवायला हरकत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, चाक जमिनीला टेकवून, आणि गोल-गोल शेजारच्या नटावर जात नाही, समोरासमोर. वरचा, मग खालचा, मग डावा, मग उजवा. नाहीतर डिस्क एका अंगाला कलून बसते.

पाइपवर उभं राहण्याचं अण्णांना विचारा. त्यांच्या तरुणपणी पाना नटावरून निसटला आणि ते मनगटावर पडले. ते मनगट अजून पावसाळ्यात दुखतं. पाना आपल्याकडे ओढायचा, पाय पक्के रोवून. ढकलायचा नाही, चढायचं तर नाहीच.

रोज सकाळचं काम सोपं आहे. पुढच्या दोन चाकांचे वीस, मागच्या चार जोडांचे चाळीस, असे एका गाडीला साठ नट. बरोबर आवळून झाल्यावर मी प्रत्येक नटावरून डिस्कवर जाणारी पिवळी रेघ ऑइलपेंटच्या मार्करने मारून ठेवते. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. बाजारात प्लॅस्टिकचे पिवळे बाणही मिळतात, शेजारशेजारचे बाण टोकाला टोक लावून बसवायचे. रेघ असो की बाण, नट फिरला एवढंच त्यातून कळतं. रंग दबून ताण गेलेला, पण न फिरलेला नट त्यात दिसत नाही, म्हणून रेघ आहे म्हणून पाना बंद करायचा नाही. डोळ्यांनी आणखी बघायचं ते म्हणजे नटापासून निघालेली तांबूस शेपटी, नटाभोवतीचं चमकणारं लोखंड, डिस्कच्या भोकाजवळची बारीक चीर. अण्णा हातोडीने टकटक करून आवाज ऐकतात. त्यांच्या कानावर माझा विश्वास आहे, पण तो कान माझ्याकडे नाही आणि नव्या क्लीनरकडेही नाही, म्हणून आमच्याकडे हातोडीनंतर पाना लागतोच.

एक नट ढिला सापडला तर तो आवळून पुढे जायचं नाही. का ढिला झाला ते शोधायचं, त्यासाठी चाक उतरवावं लागलं तरी उतरवायचं. एक बोल्ट तुटलेला निघाला तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांनाही रजा, कारण तुटलेल्याचा भार त्यांनीच उचललेला असतो.

रस्त्यात थांबायची वेळ आली तर हायवेच्या कडेला, वाहत्या ट्रॅफिकला पाठ करून बसू नका. ढाबा, पंप, सर्व्हिस रोड, काहीही गाठा. पण चाक डोलत असेल तर गाठायच्या भानगडीत पडू नका, जिथे असाल तिथे शक्य तेवढं डावीकडे घ्या. हँडब्रेक, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, मागे लांबवर त्रिकोण, अंगात चमकणारं जाकीट. ठोकळ्यांऐवजी दगड लावले असतील तर निघताना उचलून बाजूला टाका. रस्त्यावर राहिलेल्या त्या दगडावर रात्री कुणाची तरी मोटरसायकल जाते.

आणि ज्यांच्याकडे अजून ट्यूबचे टायर, टायर धरून ठेवणाऱ्या वेगळ्या रिंगवाल्या डिस्क आहेत, त्यांनी नटाला पाना लावायच्या आधी जोडातल्या दोन्ही टायरची हवा पूर्ण सोडायची. डिस्कला चीर असेल किंवा रिंग नीट बसलेली नसेल, तर आतल्या हवेने ती रिंग तोफेच्या गोळ्यासारखी उडते. समोर उभं राहायचं नाही, हवा भरतानाही नाही.

लांबट भोकांच्या त्या दोन्ही डिस्क मी भंगारात दिल्या नाहीत. आमच्या जागेत भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत. नवा ड्रायव्हर आला की त्याचा अंगठा त्या भोकात घालायला लावते, अण्णांनी माझा लावला तसा.

टॉर्क पाना महाग वाटतो, पण नव्या टायरच्या पैशांत येतो, आणि दोन-चार गाडीवाल्यांनी मिळून घेतला तरी चालतो. आमचा रविवारी सकाळी मोकळा असतो. फुरसुंगीच्या आसपास गाडी असेल तर घेऊन या, येताना गाडीचं पुस्तक आणा आणि कुठल्या चाकाचं काम कधी झालंय ते आठवून ठेवा. त्या चाकापासून सुरुवात करू.