तुम्ही विचारलंत म्हणून: डेल मॅकोरी मुलांच्या जिवावर मोठा झाला का?

डेल मॅकोरी हा ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो-मँडोलिन-व्हायोलिनवरच्या अमेरिकन लोकसंगीताचा गायक. त्याचं गाणं कुणाला ऐकवलं आणि मागे मँडोलिन-बँजो वाजवणारी त्याचीच मुलं आहेत म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे बापाने पोरांना चिकटवलं, की पोरांनी बापाला वर काढलं?"

आधी बापाचं बघू. जन्म १९३९चा, वाढला पेनसिल्व्हेनियात. बँजोचा उस्ताद अर्ल स्क्रग्ज याचं वादन ऐकलं आणि पोरगं वेडं झालं. १९६३ मध्ये तो ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांच्याकडे गेला तो बँजोवादक म्हणूनच. पण तेव्हाच मन्रोंना बिल कीथ हा दुसरा बँजोवादक सापडला. बँजो कीथकडे गेला, डेलच्या गळ्यात गिटार आणि मुख्य गायकी पडली. (बँडमध्ये बिल एकच असणार, म्हणून मन्रो कीथला ब्रॅड म्हणत. मोठा मानी माणूस!) डेलचा तो चढा, धारदार, किंचित नाकातला आवाज जगाला सापडला तो असा.

वर्षभरात तो बाहेर पडला. पुढे कित्येक वर्षं पोटासाठी लाकूडतोड केली आणि जोडीला स्वतःचा 'डिक्सी पाल्स' बँड चालवला. १९८१ मध्ये त्याचा चौदा वर्षांचा मुलगा रॉनी मँडोलिन घेऊन त्यात आला, काही वर्षांनी दुसरा मुलगा रॉबही बँजो घेऊन आला. १९९२ मध्ये सगळे नॅशव्हिलला, अमेरिकेतल्या या संगीताच्या राजधानीत, गेले तेव्हा डेल त्रेपन्न वर्षांचा होता. त्या वयात आपल्याकडे लोक पेन्शनचा हिशेब मांडतात. मात्र ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सर्वोत्कृष्ट गायकाचा पुरस्कार त्याला १९९० आणि १९९१ मध्येच मिळाला होता. तेव्हा गळा त्याचा स्वतःचा, त्यात उसनं काही नाही.

मुलांनी दिला तो बँड. जुने व्हिडिओ बघा: सुटाबुटातली पाच माणसं आणि मधोमध एकच माइक. व्हायोलिनवाल्याची पाळी आली की तो पुढे घुसतो, डेल गिटारची मान वळवून बाजूला सरतो आणि ओळ सुरू व्हायच्या आत परत जागेवर येतो. आवाज कमी-जास्त होतो तो पावलांनी. कुणी कुणाला धडकत नाही. हे वर्षानुवर्षं एकत्र वाजवल्याशिवाय जमत नाही. १९९४ ते २००४ या काळात त्याच संघटनेचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' पुरस्कार नऊ वेळा मिळाला, तो या जमलेपणाला, असं माझं मत.

म्हातारा हट्टी असता तर जुनीच गाणी घोळवत बसला असता. त्याने २००१ मध्ये रिचर्ड थॉम्पसन या इंग्लिश गायकाचं मोटरसायकलवरचं गाणं उचललं आणि त्यातलं इंग्लंडमधलं बॉक्स हिल काढून बेधडक अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं नॉक्सव्हिल घातलं. ऐकताना ते मूळचं टेनेसीचंच वाटतं.

आणि पोरांचं म्हणाल, तर रॉनी-रॉबचा 'ट्रॅव्हलिन मॅकोरीज' हा वेगळा बँड आहे. त्यात डेल नाही. २०१९ चं ब्लूग्रासचं ग्रॅमी त्यांनी बापाशिवाय घेतलं.