लोड खाली ठेवला, मग मागच्या वजनाचं काय?

क्रेन दिसली की सगळे हुककडे बघतात, लोड केवढा आहे, किती वर गेला, हलतोय का. मी पण तेच करायचो. आता सवय अशी लागलीय की आधी मान मागे वळते, काउंटरवेटकडे, म्हणजे लोडचा तोल धरायला मागे लावलेल्या वजनाकडे, आणि ह्याला कारण म्हणजे लिफ्ट प्लॅनिंगच्या, म्हणजे क्रेनने काय कसं उचलायचं ते ठरवण्याच्या, नोकरीतलं माझं पहिलं वर्ष आणि त्यातली एक दुपार.

मोठी क्रॉलर क्रेन होती, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी, आणि तिला सुपरलिफ्ट लावलेली. म्हणजे बूमच्या, क्रेनच्या लांब हाताच्या, मागे अजून एक मास्ट तिरका उभा आणि त्याच्यापासून रोपने लटकवलेला एक ट्रे, ट्रेवर वजनाचे ब्लॉक एकावर एक रचलेले. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी हा ट्रे जमिनीवर निवांत बसलेला असतो. त्या दिवशी स्लिंगा, म्हणजे लोड हुकला बांधायचे रोप, ताठ झाल्या, स्क्रीनवरचा आकडा चढायला लागला, सगळी जनता पुढे लोडकडे बघतेय आणि मला मागे उभं केलेलं, का ते मलाच माहीत नाही. रेडिओवर ऑपरेटरकाका म्हणाले, "ट्रेखाली उजेड दिसतोय का रे?" मला प्रश्नच कळला नाही. लांबून वाकून पाहिलं तर ट्रे आणि खालचे लाकडी मॅट ह्यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ, आधी एका कोपऱ्यात, मग सरकत सरकत पूर्ण लांबीला.

"दिसतोय काका."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं. आणि आता फिरवल्यावर हा बसणार कुठं?"

मी ट्रे जिथे फिरून जाणार होता तिकडे पाहिलं. मॅट मी फक्त सुरुवातीच्या जागी टाकायला सांगितले होते. जिथे लोड ठेवल्यावर ट्रे उतरणार होता तिथे नुसती भराव टाकलेली माती, त्यातून आठवड्यापूर्वी केबलसाठी चर खणून बुजवलेला. पुढच्या फाउंडेशनचा एकेक बोल्ट मी तपासला होता, पण लोड खाली टेकला की मागचं शंभर टनांचं वजन पण कुठेतरी टेकणार हे डोक्यातच आलं नव्हतं. लोड परत उचलल्या जागी ठेवला, ट्रे परत मॅटवर बसला आणि काम दुसऱ्या दिवसावर गेलं. काका एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तर विषय हा, की क्रेनच्या मागचं वजन लोड असताना जितकं लागतं तितकंच लोड नसताना नकोसं होतं. एका हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन चाललात की अंग आपोआप दुसऱ्या बाजूला झुकतं, बादली खाली ठेवली की आपण सरळ होतो. हे सरळ होणं इतकं नकळत होतं की आपण त्याचा विचारच करत नाही. क्रेनला ते जमत नाही, तिचं मागचं वजन बोल्टने घट्ट बसवलेलं असेल तर ती बादली ठेवल्यावर पण तशीच वाकडी उभी राहणार, म्हणजे उलट्या बाजूला.

आकड्यात सांगतो, म्हणजे पटेल. हे आकडे सध्या हातात असलेल्या एका कामावरून गोल करून घेतलेत, खऱ्या कामाला बनवणाऱ्याचा लोड चार्ट, म्हणजे किती अंतरावर किती उचलायचं त्याचा तक्ता, सोडून काही वापरायचं नसतं हे आधीच सांगून ठेवतो. क्रेनचं अंग १५० टन, ते फिरण्याच्या मध्यावर धरा. मध्यापासून ४ मीटर पुढे ती रेघ जिच्यावर क्रेन पुढे उलटेल, तशीच ४ मीटर मागे दुसरी. बूम ३० टन, तिचा भार मध्यापासून १० मीटर पुढे. काउंटरवेट १०० टन, ६ मीटर मागे. लोड २० मीटर रेडियसवर, म्हणजे मध्यापासून आडवं २० मीटर लांब.

पुढच्या रेघेवरून हिशोब केला, म्हणजे सगळी अंतरं त्या रेघेपासून मोजली, तर धरून ठेवणारं काय, अंगाचे १५० गुणिले ४ म्हणजे ६०० आणि काउंटरवेटचे १०० गुणिले १० म्हणजे १०००, एकूण १६०० टन-मीटर. उलटवणारं काय, बूमचे ३० गुणिले ६ म्हणजे १८० आणि लोड गुणिले १६. गणित सोडवलं की ८८ टनांच्या आसपास क्रेन काठावर येते. काठावर तर उचलायचं नसतं, क्रॉलरवर उभ्या क्रेनला उलटण्याच्या भाराच्या ७५ टक्के हा अमेरिकन नियमातला आकडा, आउटरिगर, म्हणजे बाजूला काढायचे टेकूचे पाय, लावलेल्यांना ८५ टक्के. म्हणजे आपल्याला मिळाले साधारण ६६ टन.

आता तेच १०० टन फक्त सरकवून १२ मीटरवर न्या. एक किलो वाढवला नाही. धरून ठेवणारं २२०० होतं, काठ जातो १२६ टनांवर आणि ७५ टक्के म्हणजे ९४ टन. ६६ चे ९४! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, मग कायमच मागे ठेवा ना, सरकवायची भानगड कशाला?

मागची रेघ घ्या, हुक रिकामा. काउंटरवेट १२ मीटरवर, म्हणजे मागच्या रेघेच्या ८ मीटर बाहेर, ८०० टन-मीटर मागे ओढतंय. पुढे धरून ठेवायला अंगाचे ६०० आणि बूमचे ३० गुणिले १४ म्हणजे ४२०, एकूण १०२०. ठीक आहे, उभी राहील. पण आता बूम वर घ्या, जवळजवळ उभी, तिचा भार मध्यापासून ३ मीटरवर आला. ३० गुणिले ७ म्हणजे २१०. एकूण ८१०. समोर ८००. दहा टन-मीटर उरले. समोरून जरा वाऱ्याचा जोर वाढला, जमीन जरा दबली, की गेली मागे, आणि हुकवर तेव्हा काही नाही. काउंटरवेट ६ मीटरवर आत घेतलं असतं तर ८०० च्या जागी फक्त २०० असते आणि कोणाला घाम फुटला नसता.

म्हणून सरकणारं वजन. बूम खाली, लोड लांब, तर वजन मागे. बूम वर किंवा हुक रिकामा, तर वजन आत. एवढंच, पण हे एवढंच करायला लोकांनी केवढे उपद्व्याप केलेत ते बघण्यासारखं आहे.

सुपरलिफ्टच्या जुन्या पद्धतीत लोडप्रमाणे ट्रेवरचे ब्लॉकच कमी-जास्त करायचे, त्यासाठी बाजूला दुसरी छोटी क्रेन उभी. लोड हलका आणि ट्रे जड असेल तर ट्रे जमीन सोडतच नाही, आणि ट्रेने जमीन सोडली नाही तर फिरता येत नाही, मग बसा ब्लॉक काढत. नंतरच्या क्रेनमध्ये सिलिंडरने ट्रेचं अंतरच बदलता येतं, आत ओढला की तोच ट्रे कमी लोडला पण उचलला जातो. काहींना ट्रेऐवजी चाकांची वॅगन असते, ती मागे मागे फिरते, तिच्यासाठी मात्र रस्ता सपाट करून द्यावा लागतो आणि हे 'सपाट' किती सपाट ह्यावरून सिव्हिलवाल्यांशी माझी भांडणं झालेली आहेत, असो.

मॅनिटोवॉक ह्या अमेरिकन क्रेन कंपनीने ह्याच्यावर वेगळाच तोडगा काढला. त्यांच्या ३१००० ह्या २३०० टनी क्रेनला आणि नंतरच्या एमएलसी ३०० आणि एमएलसी ६५० ला काउंटरवेट क्रेनच्याच अंगावर पुढे-मागे सरकतं, बूमच्या कोनाप्रमाणे आपोआप, आणि जमिनीला टेकतच नाही. म्हणजे मागे मॅट नको, वॅगनचा रस्ता नको, माझी ती दुपार घडलीच नसती. लिबहेर कंपनीच्या बऱ्याच चाकांवरच्या क्रेनना व्हॅरिओबॅलास्ट असतं, तिथे मागचं वजन सिलिंडरने आत-बाहेर करता येतं, पण कारण वेगळं, जागा अरुंद असेल तर शेपूट आखूड ठेवून फिरायचं आणि जागा असेल तर लांब करून जास्त उचलायचं. शेपूट हा शब्द गमतीने नाही वापरत. फिरताना ते मागे कोणाला बघत नाही, ऑपरेटरची नजर पुढे, आणि शेपूट व भिंत ह्यांच्या मधल्या फटीत माणूस सापडला तर काही उरत नाही. सरकणाऱ्या वजनाच्या क्रेनला बॅरिकेड सगळ्यात लांबच्या अंतराला लावायचं, आत्ता वजन कुठे आहे त्याला नाही.

पाइपलाइनवरचा साइडबूम पाहिलाय का कोणी? मला सगळ्यात आवडणारं मशीन. बुलडोझरसारखंच, एका बाजूला बूम, दुसऱ्या बाजूला वजनाचा गठ्ठा अंगाला चिकटलेला. पाइप उचलायला घेतला की हायड्रॉलिकने तो गठ्ठा बाहेर पसरतो, पाइप ठेवला की परत अंगाशी. अगदी बादलीवाला माणूस. रेल्वेच्या क्रेनमध्ये तर अजून पुढची गोष्ट, जर्मनीच्या किरो कंपनीच्या क्रेनमध्ये काउंटरवेट मागे लांबवता येतं आणि बूम बाजूला फिरली तरी वजन रुळाच्या रेषेतच ठेवता येतं, म्हणजे शेजारच्या रुळावर शेपूट जात नाही आणि तिथली गाडी थांबवावी लागत नाही. हे डिझाइन करणाऱ्याला सलाम.

बंदरातल्या काही क्रेनना जिबला, म्हणजे त्यांच्या हाताला, दांड्याने जोडलेलं वजन असतं, जिब पुढे झुकली की वजन वर जातं, जिब मागे आली की खाली. पण ते लोडसाठी नसतं, जिबचं स्वतःचं वजन तोलायला असतं, म्हणजे मोटरला दर फेरीला ती अवजड जिब ओढत बसायला लागत नाही. टॉवर क्रेनवाले मात्र बहुतेक ठिकाणी सरकवायच्या फंदात पडत नाहीत. मागच्या जिबवर काँक्रीटचे ठोकळे पक्के, आणि वजन असं निवडतात की हुक रिकामा असताना टॉवर थोडा मागे वाकलेला आणि पूर्ण लोडला थोडा पुढे. दोन्हीकडे निम्मं निम्मं सोसायचं. इमारतीतल्या लिफ्टच्या काउंटरवेटची पण तीच युक्ती, केबिनचं वजन अधिक पूर्ण क्षमतेच्या साधारण निम्मं. सरळमार्गी उपाय आहे, पण लोड शेकडो टनांचा झाला की हे निम्म्याचं राजकारण चालत नाही.

ज्यांना सरकवायचं नसतं ते मग नुसतं वजन वाढवतात. इंग्लंडमध्ये हिंकली पॉइंट सी अणुभट्टीच्या कामावर सारेन्स कंपनीची एसजीसी-२५० ही क्रेन लावली होती, लाडाचं नाव बिग कार्ल, तिच्या मागे ५२०० टन बॅलास्ट, म्हणजे तोलाचं वजन. डिसेंबर २०२३ मध्ये तिने २४५ टनांचा स्टीलचा घुमट उचलून बसवला. २४५ साठी ५२०० का, तर रेडियस. लोड किती ह्यापेक्षा किती लांब हेच सगळं ठरवतं, हे तिच्याकडे बघून कळतं.

आता एक गोष्ट जी सरकणाऱ्या वजनाने सुटत नाही. वजन सरकायला वेळ लागतो, शंभर टन काही उडी मारत नाही. स्लिंग तुटली किंवा लोड अचानक सुटला तर बूम मागे उसळते आणि काउंटरवेट तेव्हा जिथे आहे तिथेच, सगळ्यात मागे. म्हणून बूमला मागून अडवणारे बॅकस्टॉप असतात आणि म्हणून नवीन पोरांना मी सांगतो की लोड ठेवताना टप्प्याटप्प्याने ठेवा. दहा टक्के उतरवा, थांबा, मागे बघा. हुकवाल्याला घाई असते कारण त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं.

आणि वारा. १४ जुलै १९९९ ला अमेरिकेत मिलवॉकीच्या स्टेडियमवर बिग ब्लू नावाची क्रेन छताचा प्रचंड तुकडा उचलताना कोसळली, तीन कामगार गेले. त्या क्रेनचं काउंटरवेट वेगळ्या क्रॉलरवर मागे होतं, वजनाला काही कमी नव्हती. छताच्या त्या पसरट तुकड्यावर बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा दाब हिशोबात धरला नव्हता. मागचं वजन पुढे-मागेचा तोल सांभाळतं, बाजूने ढकललं तर त्याचा काही उपयोग नाही. मी अजूनही प्लॅनमध्ये वाऱ्याची ओळ सगळ्यात वर लिहितो.

बरं, वर म्हटलं ना की आकडे हातातल्या कामाचे आहेत. त्याचं झालंय असं की मागे भिंत आहे, त्यामुळे काउंटरवेट १२ मीटरवर नेता येत नाही, ८ वर थांबतं. ८ मीटरला माझा हिशोब ७६ टन देतो. लोड ७२ चा, हुक ब्लॉक आणि स्लिंगा मिळून ६, म्हणजे ७८. दोन टनांनी अडलोय. क्रेन एक मीटर पुढे घेतली तर रेडियस १९ होतो आणि मागची भिंत पण एक मीटर लांब जाते, दोन्हीकडून फायदा, ८६ च्या आसपास मिळतात. फक्त त्या एका मीटरमध्ये पुढच्या ट्रॅकखाली ड्रेनेजची जुनी लाइन येतेय आणि ती किती खोल आहे हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नाही. उद्या सकाळी खड्डा घेऊन बघायला सांगितलंय.