हत्तरसंग कुडल: शिल्पांचे फोटो कसे काढावेत

सोलापुरातून विजापूर रस्त्याने साधारण 40 किलोमीटरवर, भीमा आणि सीना मिळतात तिथे हत्तरसंग कुडल आहे. उन्हाळ्यात सकाळीच निघावं. संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा, मराठी शिलालेख आहे. टॉर्च समोरून न मारता बाजूने धरली की अक्षरं उठतात. त्यांत खडू किंवा पीठ अजिबात भरू नका.

तुळई कोण उचलून नेणार? चोरीचा धोका असतो तो सुट्या मूर्तींना, आणि अशा मूर्ती व वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या शिळा) या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत पारावर टेकवलेले दिसतात.

तमिळनाडूतल्या वृद्धाचलमच्या देवळातून चोरीला गेलेला दगडी अर्धनारीश्वर सिडनीच्या कलादालनाने 2004 मध्ये विकत घेतला होता. सोबतची कागदपत्रं बनावट निघाली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे मूर्ती देवळात असतानाचा 1974 चा फोटो होता, त्यावरून ओळख पटली आणि 2014 मध्ये ती भारतात परत आली. फोटोच नसता तर मूर्ती आपली हे सांगणार कशावरून?

म्हणून आम्ही फिरताना टेप जवळ ठेवतो. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घ्यायची. फोटोत मोजपट्टी हवीच. चारही बाजू टिपा. पाठ बहुतेक जण सोडतात, पण छिन्नीच्या खुणा तिथेच टिकतात. तुटलेलं नाक, चीर, टवका हे जवळून घ्या, कारण दोन मूर्ती सारख्या असू शकतात, मोडतोड सारखी नसते. विकणारे नाक नवं बसवतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. काळ्या दगडावर फ्लॅश चमकतो, तो बंद ठेवा. शेंदूर खरवडू नका. मूर्ती कुठे आहे हे कळेल असा एक फोटो लांबूनही हवा.

सुट्या मूर्तीचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणं म्हणजे चोराला पत्ता देणं. प्रती ग्रामपंचायत आणि पुरातत्त्व खात्याकडे द्याव्यात. चोरी झालीच तर लगेच गुन्हा नोंदवून फोटो फिर्यादीला जोडायचे. तक्रारच नसेल तर परदेशात दावा लंगडा पडतो.

वाघनखांचं प्रकरण वेगळं. ती 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आली, पण तीन वर्षांच्या उसनवारीवर. सांस्कृतिक वस्तूंचा 1970 चा युनेस्को करार मागच्या काळाला लागू नाही, आणि ब्रिटनचा कायदा त्या संग्रहालयाला अशी वस्तू सहसा कायमची देऊ देत नाही.