साठ मुलगे आणि एक निपुत्रिक काका

तेहरानमधले दिवस आरसेमहालात आणि ट्रॅफिकमध्ये गेले. त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. मला सांगायचंय ते शेजारच्या कराजबद्दल.

मेट्रोत बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तरी एका काकूंनी सरकून मला टेकवलंच, पिशवीतली काकडी हातात दिली आणि विचारलं, ‘मुलं किती?’ ‘एक मुलगी’ म्हटल्यावर ‘इन्शाल्ला’ म्हणत माझा हात थोपटला. इराणी पाहुणचाराला तोड नाही, पण चौकश्यांपासून सुटका नाही.

कराजमधला सुलेमानिये राजवाडा आता शेतकी महाविद्यालयाच्या आवारात आहे. तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या काजार घराण्यातल्या फतेहअली शाहने तो बांधला, नाव दिलं सुलेमान मिर्झा या मुलाचं. भिंतीवर दरबारी चित्रकार अब्दुल्ला खानने 1812-13च्या सुमारास रंगवलेला शाह आणि त्याचे मुलगे. शाहची काळीभोर दाढी पोटावर रुळतेय, कंबर मात्र मुठीत मावेल एवढी. मुलगे सगळे एका साच्यातले: जुळलेल्या भुवया, बदामी डोळे. थोरला-धाकटा ओळखायचा तो दाढीवरून. शाहला साठेक मुलगे होते. मुलीही डझनावारी होत्या, पण भिंतीवर एक नाही. मेट्रोतल्या काकूंना हे चित्र नक्की आवडलं असतं. माझं डोकं फिरलं.

इथे भिंतीवर शाहचे दागिने रंगवले जात होते तेव्हा रशियाशी लढाई चालू होती. 1813च्या गुलिस्तान तहात जॉर्जिया गेला, बाकूही गेलं. लढणारा युवराज अब्बास मिर्झा 1833मध्ये बापाआधीच वारला. पुढच्या वर्षी शाह गेला, तेव्हा तेहरान आणि शिराझमधल्या मुलांनी स्वतःच्या नावाची द्वाही फिरवली. गादी मिळाली नातवाला. साठ मुलगे असून!

दुसऱ्या चित्रात आहे शाहचा काका, घराण्याचा संस्थापक आगा मोहम्मद खान. लहानपणी शत्रूने त्याला खच्ची केलं होतं, म्हणून तर गादी पुतण्याकडे आली. काका-पुतण्या म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवतो. इथे काकानेच पुतण्याला वारस नेमलं. माणूस महाक्रूर. किरमान शहरातल्या लोकांचे त्याने डोळे काढवले. तरी मी त्याच्यासमोरच जास्त रेंगाळले. त्याच्याभोवती पोरं नाहीत, काजार सरदार आहेत, आणि ते त्याने आयुष्यभर भांडून, दमदाटी करून, एकेक करत जमवलेले.