तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली कलवरी नाही, शल्की

बाबा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते हे कळलं की लोक हमखास विचारतात, अरे वा, म्हणजे कलवरी बांधली का त्यांनी, इथे बनलेली पहिली पाणबुडी? नाही हो. पहिली शल्की. कलवरी नाव दोनदा आलंय म्हणून घोळ होतो, एक १९६७ ला सोव्हिएत युनियनमधून तयार आणलेली, ती ९६ ला निवृत्त झाली, आणि दुसरी २०१७ ची, ती इथली. पण शल्की त्याच्या पंचवीस वर्षं आधी, ७ फेब्रुवारी १९९२ ला नेव्हीत आली. शल्कीच्या जातीच्या एकूण चार, त्यातल्या पहिल्या दोन, शिशुमार आणि शंकुश, जर्मनीत कीलला बनल्या, शल्की आणि शंकुल माझगावला.

या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक, म्हणजे डिझेल इंजिनांवर बॅटऱ्या चार्ज करायच्या, त्यासाठी वर यायचं नाहीतर निदान हवेची नळी पाण्याबाहेर काढायची, आणि खोल गेलं की सगळं बॅटरीवर, जवळजवळ आवाज नाही. पण दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाएवढा वाढतो आणि तो झेलतं आतलं पोलादी नळकांडं, म्हणजे प्रेशर हल. त्याचे जोड बाबांच्या लोकांचे. बाबा सांगायचे, वेल्डिंगचे रॉड आधी भट्टीत शेकायचे, मग गरम डब्यातून एकेक काढायचा, कारण मुंबईची दमट हवा, रॉडने ओल धरली की जोडाला आतून चीर जाते, वरून दिसतही नाही. म्हणून एक्स-रे. फिल्म येईपर्यंत बाबांना जेवण गोड लागायचं नाही, आई ताट झाकून ठेवायची.

शल्क म्हणजे माशाचा खवला, हे मला बाबांनीच सांगितलं.

आणि खरं दुःख पुढचं आहे. अजून दोन बांधायच्या होत्या, त्या कमिशनच्या, म्हणजे दलालीच्या वादात राहिल्या. ९४ ला शंकुल झाली आणि मग कित्येक वर्षं इथे नवी पाणबुडीच नाही, शिकलेले हात पांगले, कोण गल्फला गेले, कोण रिटायर झाले, आणि अशी कला कागदावर लिहून ठेवता येत नाही हो, ती मनगटात असते, शेजारी उभं राहून शिकावी लागते.

१४ डिसेंबर २०१७ ला कलवरीचा सोहळा टीव्हीवर चालू होता. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते, भाषणं चालू असताना त्यांनी एवढंच विचारलं, "वेल्डिंगला आता कोण पोरं आहेत गं?"