दगडावरची तक्रार

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या चर्चला गेलं की माझी पहिली धाकधूक एकच, दार उघडं असेल ना? गोल लोखंडी कडी जोर लावून फिरवायची, आतला खटका खाडकन वर जातो, आणि आत बघावं तर चिटपाखरू नाही, नुसता गारठा आणि मेणाचा वास.

पूर्वी मी रंगीत काचा बघायचो, फोटो काढायचो, निघायचो. ॲशवेलला गेल्यापासून सवय बिघडली. हर्टफर्डशायरमधलं हे गाव, लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ट्रेन आहे पण स्टेशन गावापासून चांगलं दोन मैल लांब, तेही शेजारच्या केंब्रिजशायरमध्ये, त्यामुळे तंगडतोड करत गेलो. गावाच्या मानाने चर्च अवाढव्य, चौदाव्या शतकातलं. बांधलंय क्लंच नावाच्या खडूसारख्या मऊ दगडात. बाहेरून पावसाने त्याची वाट लागलीये, पण आतमध्ये हाच मऊपणा कामी आला कारण कोणीही टोकदार काहीतरी घेऊन त्यावर लिहू शकत होतं. आणि लिहिलंच!

आधी मला काही दिसेना. फुलं लावत असलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, समोरून नको, टॉर्च भिंतीला टेकवून तिरका धर. धरला तर काय, सावल्या पडून लॅटिन अक्षरं एकदम वर आली. मनोऱ्याच्या भिंतीवर 1350 च्या प्लेगबद्दल लिहिलंय, की सांगायला मागे उरलाय तो फक्त लोकांमधला गाळ. खाली 1361 च्या जानेवारीतल्या वादळाची नोंद (तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष मार्चमध्ये बदलायचं, म्हणजे आपल्या हिशोबाने 1362). ज्याने लिहिलं त्याने स्वतःलाही त्या गाळातच धरलं असणार, हे वाचून मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो.

पण खरं सांगू, मला जास्त आवडला तो दुसराच कोणीतरी. त्याने लिहून ठेवलंय की कोपऱ्यांचे सांधे नीट जुळलेले नाहीत, थू! बांधकामावर वैतागलेला माणूस, सहाशे वर्षांपूर्वीचा. किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना मी कायम शिव्या घालतो आणि इथे त्याच प्रकारासाठी गुडघे टेकून बसलो होतो.

निघताना कोपरे नीट निरखून बघितले. मला तर बरे वाटले बुवा.