शून्य ते बाँड: मॅजिक 55 झालं, आता घोडं अडलंय स्लॉटपाशी

हाय अल्क (वस्तू वितळवून तिचे कॉइन करणारा मंत्र) उघडला! ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये खिशातला पैसा न घालता फुकट खात्यावर बाँड (गेममधल्या कॉइननी घेता येणारी मेंबरशिप) गाठायचा असं ज्यांनी ठरवलंय, त्यांना या लेव्हलचं मोल सांगायला नको. मॅजिक 55 ला 1,66,636 एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. पहिली रून प्लेटबॉडी वितळवली आणि बॅगेत एका झटक्यात 39,000 कॉइन पडले, तेव्हा खरंच खूप बरं वाटलं. फायर स्टाफ हातात असला की पाच फायर रून वाचतात आणि खर्च उरतो तो एका नेचर रूनचा.

लम्ब्रिजच्या गायींचा निरोप घेतलाय. पण नव्याने सुरू करणाऱ्यांना मी अजूनही तोच रस्ता सांगेन: कातडी गोळा करा, अल खरिदला एलिसकडून प्रत्येकी एका कॉइनला कमावून घ्या आणि ग्रँड एक्सचेंजवर (खेळाडूंचा खरेदी-विक्रीचा बाजार) विका. कसलीच लेव्हल लागत नाही. फक्त खातं कोरं असेल तर 20 तासांचा खेळ, 10 क्वेस्ट पॉइंट आणि टोटल लेव्हल 100 या तिन्ही अटी आधी उरका. तोवर फुकट खात्यावरून बराचसा कच्चा माल एक्सचेंजवर विकताच येत नाही आणि लोक उगाच गोंधळतात.

आता मुख्य दुखणं. मागे म्हटलं होतं की 55 नंतर फ्लिपिंग (स्वस्तात घेऊन महाग विकणं) आणि अल्क दोन्ही सोबत चालवायचे. ते जमत नाहीये. फुकट खात्याला एक्सचेंजवर तीनच स्लॉट (एका वेळी ऑफर लावायच्या जागा) मिळतात, मेंबरना आठ. अल्कमध्ये नफा तेव्हाच सुटतो जेव्हा आपण कमी भावाची ऑफर लावून थांबतो. चढा भाव लावला तर माल लगेच मिळतो, पण 39,000 मधून तो भाव आणि नेचर रून वजा केली की हाती भोपळा. म्हणजे स्लॉट तासन् तास अडकून राहतो. त्यात रून प्लेटबॉडीच्या खरेदीची मर्यादा चार तासांत 70. तिन्ही स्लॉट प्लेटबॉडी, प्लेटलेग्ज आणि टू-हँडेड तलवारीला दिले, तरी चार तासांत 210 नग. अल्क एका तासात जास्तीत जास्त 1,200 वेळा मारता येतो, म्हणजे 210 नग साडेदहा मिनिटांत संपतात. उरलेला वेळ स्पेलबुक उघडं ठेवून काय करायचं?

 

दोन गोष्टींनी थोडा श्वास मिळाला. नेचर रूनची मर्यादा 18,000 आहे, तेव्हा त्या एकदाच भरपूर घेऊन ठेवल्या आणि तो स्लॉट कायमचा मोकळा केला. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. चार तासांचं घड्याळ पहिला नग विकत घेतल्यावर सुरू होतं. म्हणून आता मी कामाला बसायच्या बऱ्याच आधी मोबाइलवरून प्रत्येक वस्तूचा एकेकच नग घेऊन ठेवते. चार तास संपत आले की उरलेले 69 घ्यायचे आणि मर्यादा नवी झाली की लगेच पुढचे 70. एका बैठकीला 139 प्लेटबॉडी! माल नोटमध्येच (कागदी रूपात) ठेवायचा, म्हणजे सगळा एका खणात मावतो. आणि नोटचा तो खण अल्कच्या चिन्हाखाली नेऊन ठेवला की माउस हलवावाच लागत नाही.

फ्लिपिंगचं गणित मात्र एक्सचेंजवरच्या विक्रीकरानं पार बिघडवलंय. डिसेंबर 2021 मध्ये आला तेव्हा 1 टक्का होता, मे 2025 पासून 2 टक्के झाला. 150 कॉइनची वस्तू घ्या. मार्जिन (घेण्या-विकण्याच्या भावातला फरक) 4 असेल तर त्यातले 3 करात जातात, हाती एक. पन्नासच्या खालच्या वस्तूंना कर शून्य पडतो, कारण अपूर्णांक सोडून देतात. म्हणून तीनच स्लॉट असताना फ्लिप करायचंच असेल तर साध्या रून आणि पिसं, बाकी नको. मार्जिन स्वतः तपासा: एक नग चढ्या भावाला घ्या, एक उतरत्या भावाला विका, दोन्ही टोकं कळतात. गेममधला गाइड प्राइस मागे रेंगाळतो, त्यावर भरवसा नको. विकीचं रिअल-टाइम भावांचं पान त्याहून कितीतरी चांगलं आहे. रूनलाइट या क्लायंटमध्ये वस्तूवर माउस नेला की अल्कचा नफा दिसतो, तेही उपयोगाचं, पण तो बाजारभावावर काढलेला असतो, आपल्या खरेदीवर नाही.

कराचं हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: अल्कवर करच नाही! कर विकणाऱ्याच्या पैशातून कापतात, आणि अल्कमध्ये विकणं येतच नाही. मग जो माल मी विकतच घेत नाही त्याला स्लॉट नको, मर्यादा नको, करही नको. म्हणजे ड्रॉप, मारलेल्या राक्षसांकडून पडणारा माल. कोर्सेअर कोव्हच्या गुहेतल्या ओग्रेस (राक्षसिणी) फुकट खात्याला मारता येतात. त्या नेचर रून टाकतात, रून मेड हेल्म टाकतात (अल्क 11,520), फुल हेल्मही टाकतात (21,120). त्यांना सेफस्पॉटवरून (जिथे त्या पोचू शकत नाहीत अशा जागेवरून) मॅजिकने मारायचं आणि माल टेलिग्रॅबने (दुरून वस्तू उचलणाऱ्या मंत्राने) ओढायचा. टेलिग्रॅबला दर वेळी एक लॉ रून जाते, तेव्हा किरकोळ माल तिथेच सोडायचा. हेल्म आलं की विकायचं की वितळवायचं याचा हिशेब सोपा: विक्रीभावाचे 98 टक्के एकीकडे, अल्कमधून नेचर रून वजा करून उरतं ते दुसरीकडे.

तर फ्लिपिंगची यादी बाजूला ठेवतेय. तीन स्लॉट अल्कच्या मालाला, आणि ते भरेपर्यंत ओग्रेस. त्याआधी द कोर्सेअर कर्स ही क्वेस्ट उरकायचीय, ती मी इतके दिवस टाळत आले. सेफस्पॉट नेमका कुठला धरायचा यावर अजून मन पक्कं नाही. गुहेच्या तोंडाशी गर्दी असेल असं वाटतं, म्हणून आधी रिकामं वर्ल्ड (सर्व्हर) शोधेन. पुढच्या नोंदीत तासाला किती पडतात ते आकड्यांत देते, लॉ रूनचा खर्च वजा करून.